जवाई, कूलंट बोटभर खाली गेलंय

जवाई, तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले होते आणि जीपमधलं कूलंट बोटभर खाली गेलं होतं. खरं सांगतो, माझा पहिला संशय तुमच्यावरच गेला. बोनट वर धरून मी मनात म्हणालोसुद्धा, जवाई येऊन गेले वाटतं. मग आठवलं, तीनच दिवसांपूर्वी तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी वरण वाढत होतो.

हसू नका. तुम्हाला माहीत नव्हतं असं मी समजत होतो ती गोष्ट आज सांगून टाकतो. बोनटखाली जी पांढरी प्लॅस्टिकची बाटली असते, जादाचं कूलंट साठवायची, तिच्यावर मी दोन वर्षांपूर्वी बायकोच्या, सुमनच्या नेलपॉलिशने एक लाल रेषा ओढली होती. सकाळी इंजिन थंड असताना पाणी जिथवर होतं, बरोबर तिथे. सुमनला कारण सांगितलं नाही. कारण तुम्ही होतात. बाजाराच्या दिवशी मी घरी नसताना तुम्ही माझ्या अंगणात येऊन जाता हे मला कळलं होतं आणि मला तुम्हाला पकडायचं होतं.

एकोणतीस वर्षं मी वनखात्याच्या नाक्यावर काढली. बांबूच्या ट्रकवर चढायचं आणि खाली सागवान दडवलंय का ते लोखंडी सळईने टोचून बघायचं, हे माझं काम. तिथे एक गोष्ट शिकलो. ज्याचा परवाना मळलेला, घामाने भिजलेला, तो माणूस बहुतेक खरा. ज्याच्या परवान्याची घडीही मोडलेली नाही आणि नग न् नग जुळतो, त्याचा ट्रक खाली करून बघायचा. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. सुमन म्हणते, लोक दुधात बोट घालून बघतात, तुम्ही सळई घालता.

आता त्या रेषेचं ऐका. आठवड्यातून दोनदा मी मायला रक्त धुवायला, डायलिसिसला, गडचिरोलीला नेतो. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. तरी बाजारातून परतून बघावं तर दोन वर्षांत पाणी त्या रेषेवरून केसभर हललं नाही. दुसरा कोणी असता तर गाडी चांगली आहे म्हणून खूश झाला असता. मी तुमच्यावर जास्तच नजर ठेवली.

तसा संशय तुमच्यावर पहिल्या दिवसापासून होता. कुंदाला पाहायला आलात तेव्हा पोहे खाताना तुमचं लक्ष माझ्या बहिणीकडे नव्हतं, अंगणातल्या ट्रॅक्टरकडे होतं. मी मायला आत जाऊन म्हटलं, हा माणूस पोरगी पाहायला आलाय की ट्रॅक्टर? जाताना तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच सांगितलंत की रेडिएटरची नळी फुगली आहे, बदलून घ्या. मी बदलली नाही. महिन्याभरात ती धानाच्या बांधीत फुटली. तुम्हीच तिला खिळा टोचून गेला असाल असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. जावई दहावा ग्रह म्हणतात, आणि मी त्या ग्रहाची पत्रिका रोज मांडत होतो.

पण गाडीचं काम करताना तुमच्याकडे बघत राहावं असंच तुम्ही करायचात, हे आज कबूल करतो. जीप घेतली त्या वर्षी पहिल्यांदा तुम्ही कूलंट बदललंत. मायने तुमच्यासाठी पाट मांडला, रांगोळी काढली, आणि तुम्ही पांढरा शर्ट काढून खुंटीला लावून गाडीखाली शिरलेले. जावयाने सासरच्या अंगणात हात काळे करावेत याची मायला इतकी लाज वाटली की तिने फाटक लावून घेतलं, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. तुम्ही खालूनच मायला म्हणालात, "बाई, पाटावर बसून पाणी बदलता येत असतं तर पाटावरच बसलो असतो."

तुमची पद्धत मला पाठ आहे. काम सकाळीच, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. गरम गाडीचं झाकण उघडणाऱ्याला तुम्ही माणसातच धरत नव्हता. आधी खाली घमेलं, मग रेडिएटरच्या तळाचा प्लग, मग वरचं झाकण. हिरवं कूलंट गढूळ होऊन बाहेर यायचं. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुवायचं, घमेल्यातलं पाणी नितळ दिसेपर्यंत. पण शेवटी भरायचं पाणी मात्र तुम्ही बरोबर घेऊन यायचात. आमच्या हातपंपाचं पाणी भगुन्यालासुद्धा पांढरा थर चढवतं, ते इंजिनला काय करेल, असं तुमचं म्हणणं. बँकेच्या मागच्या भिंतीला एसीचं पाणी ठिबकतं, तिथे तुमची कॅन लावलेली असायची. निम्मं ते पाणी, निम्मं कूलंट, हळूहळू ओतायचं. मग झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायची आणि नळी हाताने दाबत राहायचं, गाईच्या कासेला हात लावावा तशी. बुडबुडे यायचे थांबले की पुन्हा थोडं भरायचं. तेव्हा कुठे चहा.

आणि जुनं कूलंट तुम्ही कधी नालीत ओतू दिलं नाही. ते गोड असतं, कुत्री चाटतात, गाई तोंड लावतात आणि मरतात, म्हणायचात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून तुम्ही ते आपल्या घरी घेऊन जायचात. मी मान डोलवायचो, पण मनात यायचं, वापरलेलं पाणी घरी नेऊन हा माणूस करतो काय? नक्कीच कुठेतरी विकत असेल. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, मला तर हिरवंही पिवळंच दिसत होतं.

तिसऱ्या खेपेला मी मोठा डबा आणला आणि त्यातलं निम्मं कूलंट उरलं. दुसऱ्या दिवशी मी शोधलं तर डबा नव्हता. मी कोणालाच विचारलं नाही. नाक्यावर आम्ही विचारत नसू, लक्ष ठेवत असू. पुढची बदलायची वेळ आली तोवर मी तेच मनात धरून होतो. तुम्ही कोणाच्या तरी लग्नाला भामरागडकडे गेला होतात तो दिवस साधून मी एकट्याने कूलंट बदललं. तीनदा पाहिलंय, त्यात काय एवढं, असं वाटलं. सगळं जमलं. फक्त प्लगचं रबरी वायसर काढताना तुटलं, तर मी सायकलची जुनी ट्यूब कापून गोल बसवला. आमच्याकडे सायकलच्या ट्यूबने काय होत नाही? पंपाची गळती थांबते, खाटेची दावण होते, कावडीची गाठ होते.

दोन दिवसांनी तुम्ही कुंदाला घेऊन मायला भेटायला आलात. हातात चहाची कपबशी घेऊनच गाडीशी वाकलात, प्लगखालून बोट फिरवलंत.

"भाऊ, हे ट्यूबचं वायसर हाये," म्हणालात. "थंड्यात टिकते, पण गाडी गरम झाली का सोडंल. मी दुसरं लावून देतो, घंट्याभराचं काम हाये."

मी काय बोललो ते मायने ऐकलं, कुंदाने ऐकलं. सुमन तेवढी माहेरी होती. मी म्हणालो, "सोडावं म्हणूनच वाट पाहून राह्यले का तुमी? आन् मागच्या खेपेचं अर्धं कूलंट कुठी गेलं, ते सांगा आधी."

तुम्ही मायकडे पाहिलंत. कपात चहा होता तो तसाच ओट्यावर ठेवलात. चपला घातल्या आणि कुंदाला चल म्हणालात. जावयाला चोर म्हटलं की घराचा उंबरा विटतो म्हणतात. मी घरी असताना त्या उंबऱ्यावर तुम्ही पुन्हा पाय ठेवला नाही.

मग सुरू झालं ते बाजाराच्या दिवसाचं. जीप अंगणातच ठेवून मी बाजाराला जायचो, आणि भाजी घेऊन परतलो की सुमन सांगायची, जवाई येऊन गेले, मायशी बोलले, चहा घेतला. मी नसतानाच बरोबर कसे येतात? मला वाटलं, डिझेल. बांबूची एक कामटी तासून मी टाकीत बुडवायची केली आणि तिच्यावर खुणा पाडल्या. डिझेल कधी कमी निघालं नाही. तेव्हा मी कूलंटवर रेषा ओढली. कूलंटही कधी कमी निघालं नाही. चोरी सापडत नाही म्हणजे चोर हुशार, एवढंच मी त्यातून काढलं.

शेवटची भेट बाजारातच झाली. तुम्ही जायच्या आधी महिनाभर. मी मायला गडचिरोलीहून घेऊन येत होतो, गर्दीत जीप थांबली आणि समोर तुम्ही, हातात जवसाची पुडी. मायला नमस्कार केलात. मग क्षणभर गाडीच्या तोंडाखाली, जमिनीकडे पाहिलंत, आणि मग माझ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतंत, जवाई. मी काच वर केली. आत एसी नाही, पंखा नाही, आणि भर दुपारी मी काच वर केली.

महिन्याने तुम्हाला नदीवर नेताना माझा खांदा होता. लोक म्हणाले, सख्ख्या भावासारखा रडला. मी रडलो हे खरं आहे, पण रडतानाही डोक्यात एक कोपरा कोरडा होता. तो म्हणत होता, आता कधीच कळणार नाही हा माणूस माझ्या अंगणात काय करत होता.

आता सोळाव्या दिवसाकडे येतो. पाणी बोटभर खाली. मी अंगणातली माती हाताने चाचपली, थेंब नाही, डाग नाही. शेजाऱ्याच्या मांजरावर संशय घेतला, मग शेजाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी मायला गडचिरोलीहून आणताना काय वाटलं कोणास ठाऊक, जंगलाच्या पट्ट्यात, जिथे दोन्ही बाजूंना मैलभर माणूस नसतो, तिथे गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवूनच खाली वाकलो. प्लगच्या कडेला हिरवा थेंब जमत होता. जमला, पडला, दुसरा जमायला लागला. गरम झाल्यावरच सुटत होता, तुम्ही म्हणाला होतात तसाच. सगळं पाणी रस्त्यावर सांडत होतं, अंगणात एक थेंब नाही.

माय मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. रक्त धुतल्यावर तिला मान उचलवत नाही. मी तिथेच रस्त्यावर बसून हिशोब जुळवला. गळती दोन वर्षांची आहे. पाणी दोन वर्षं रेषेवर होतं. तुम्ही गेल्यावरच ते उतरलं.

घरी आल्यावर सुमनला आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं, जवाई बाजाराच्या दिवशी येऊन काय करायचे?

"बोनट उघडायचे, बाटलीत पाणी टाकायचे, बोनट लावायचे," ती म्हणाली. "मंग मायजवळ बसायचे."

"आन् मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा? तुमी तं डिझेल मोजून राह्यले होते."

ती आत गेली आणि धानाच्या कोठीमागून एक डबा घेऊन आली. तोच डबा, जवाई. उरलेल्या निम्म्या कूलंटचा. त्या तिसऱ्या खेपेलाच तुम्ही तो तिच्याकडे ठेवायला दिला होता, गुरांपासून लांब ठेवा म्हणून, आणि ती तो कोठीमागे ठेवून विसरली होती; आता कूलंटचं निघालं तेव्हा तिला आठवला. मी डबा कधी विचारला नाही, आणि भांडण कशावरून झालं ते तिला कधी नीट सांगितलं नाही. माझ्या घरातल्या कोठीमागे डबा होता आणि मी तुमच्या घरात शोधत होतो.

तरी मी लगेच मानलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मी चष्मा लावून पुन्हा बोनट उघडलं आणि ती रेषा नीट पाहिली. दोन वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून नेलपॉलिश टिकेल का? खालचा रंग खरवडून उडालेला होता, आणि त्यावर दुसरा लाल, थोडा गडद, बरोबर त्याच जागी.

सुमनला दाखवलं तर तिला हसूच आलं. हसता हसता रडली. ती म्हणाली, "रेघ उडून गेली होती. जवाईनंच माह्याजवळून शिशी मांगून वर ओढली. म्हणे, वैनी, भाऊले हे रेघ दिसली पायजे, नाईतर ते दुसरीकडं कुठी तरी शोधाले लागतीन."

जवाई, मी चुकलो. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं आणि मी ते तुमच्या फोटोलाही अजून म्हणू शकलेलो नाही, म्हणून इथे लिहितो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण एक भांडण अजून शिल्लक आहे आणि ते मी सोडणार नाही. तुम्ही का नाही बोललात? त्या दिवशी ओट्यावर कप ठेवण्याऐवजी एवढंच म्हणायचं होतं, डबा वहिनींकडे आहे, विचारा. चार शब्द. माझ्या संशयाइतकाच तुमचा ताठा मोठा होता. मग मी सुमनला विचारलं, दोन वर्षं येऊन पाणी टाकलं त्यापेक्षा एक दिवस येऊन वायसर का नाही बदललं? तेव्हा तिने तुमचं उत्तर सांगितलं. वायसर बदलायचं तर सगळं पाणी काढावं लागतं, आणि भाऊंच्या गाडीचं पाणी भाऊंना न विचारता काढणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. "दोन वर्षं झाले का कूलंट बदलाच लागते," असंही म्हणाला होतात, "तवा भाऊ बोलावतीनच मले. तोवर बाईची गाडी रस्त्यात नाई थांबली पायजे."

दोन वर्षं या महिन्यात भरली. मी बोलावलं असतं का? तुम्हाला खात्री होती. मला नाही.

आणि खरं सांगू, मला आता एक नवाच संशय येतो. तुम्हाला त्यात थोडी मजाही वाटत असावी. दर आठवड्याला बरोबर रेषेवर पाणी आणून ठेवायचं, आणि नाक्यावरचा हा म्हातारा सळई घेऊन बसलाय हे आठवत मायजवळ चहा प्यायचा. तसं असेल तर बरंच आहे. निदान तुम्ही दुःखी होऊन येत नव्हतात, एवढं तरी मला मिळेल.

परवा कुंदाकडे गेलो होतो. तिने मला मागच्या पडवीत नेलं आणि म्हणाली, दादा, हे काय करू? भिंतीशी सहा कॅन ओळीने उभ्या. घट्ट झाकणं, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात विष असं लिहिलेलं. तुम्ही गडचिरोलीच्या सगळ्या गॅरेजमध्ये विचारून पाहिलं होतं म्हणे, जुनं तेल घेतात पण हे कोणी घेत नाही. म्हणून ठेवून दिलं होतंत. मी सांगितलं, राहू दे, मी काहीतरी सोय बघतो. आता ती माझी जबाबदारी.

काल सकाळी मी कूलंट बदललं. तुमच्या पद्धतीने, एक पायरी न गाळता. त्याआधी बँकेच्या मागे कॅन लावायला गेलो तर तिथे तुमची दोरी अजून पाइपाला बांधलेली होती. सुमनने डब्यासोबत एक पुडीही दिली होती. बसच्या जुन्या तिकिटांच्या कागदात गुंडाळलेलं नवीन वायसर. ते तुम्ही भांडणाच्या दुसऱ्याच आठवड्यात आणून ठेवलं होतं. मी सायकलच्या ट्यूबचा तो गोल काढला, तुमचं बसवलं आणि प्लग हातानेच आवळून मग पान्याने पाव वळसा दिला, जास्त नाही. नळी दाबत बसलो. माय ओट्यावर बसून बघत होती. तिने सुमनला फाटक लावायला सांगितलं नाही. जुनं कूलंट सातव्या कॅनमध्ये भरलं आणि वर विष असं लिहिलं, खडूने नाही, रंगाने, पुसू नये म्हणून.

दुपारी मायला गडचिरोलीला नेऊन आणलं. जंगलाच्या पट्ट्यात त्याच जागी थांबून वाकलो. प्लग कोरडा होता.

आज बाजाराचा दिवस. मी बाजारात गेलो नाही. सुमनला पाठवलं आणि सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसलो, फाटकाकडे तोंड करून. चहाची वेळ झाली, टळली. मग उठून बोनट उघडलं. पाणी बरोबर रेषेवर होतं, जवाई, आणि कोणी येऊन गेलं नव्हतं.